ग्रंथ कोणाच्या घरी?

(अभ्यासलेख : अमेरिकेतील काळ्या लोकांची वाचक मंडळे आणि घरातली पुस्तके)

धम्मदीक्षा घेतलेल्या घरात पहिला बदल भिंतीवर दिसतो. देव्हाऱ्याची जागा रिकामी होते. तेथे तथागतांची मूर्ती येते, शेजारी बाबासाहेबांची तसबीर येते आणि समोर ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ ठेवला जातो. हे योग्यच आहे. परंतु पुष्कळ घरांत त्या ग्रंथाचे पुढे काय होते? पौर्णिमेला त्याला फूल वाहिले जाते, मेणबत्ती लावली जाते आणि पांढऱ्या वस्त्रात गुंडाळून तो पुन्हा फळीवर जातो. मुलाने हात लावला तर घरातील वडीलधारे माणूस दटावते, “फाटेल ना!” दहा वर्षांनी पाहावे तर पाने कोरी करकरीत. पूर्वी पोथीला सोवळे होते, आता ग्रंथाला आले.

याचा दोष त्या कुटुंबाकडे जात नाही. ज्या घरात पिढ्यान् पिढ्या पुस्तक आलेच नाही, तेथे ते कसे बाळगावे, कोणाला द्यावे, कोणाकडून परत मागावे, हे कोण शिकविणार? माझ्या आईवडिलांच्या घरात मी कॉलेजात जाईपर्यंत छापील कागद म्हणजे रेशनकार्ड आणि शाळेची क्रमिक पुस्तके, एवढाच होता. क्रमिक पुस्तकेही वर्ष संपले की निम्म्या किमतीत विकावयाची आणि त्या पैशांत पुढच्या इयत्तेची जुनी घ्यावयाची. पुस्तक घरात कायमचे राहते, ही कल्पनाच आम्हांला नवीन होती.

म्हणून या पाठात आपण अशा लोकांचा इतिहास पाहू, की ज्यांना वाचावयास शिकविणे हा कायद्याने गुन्हा ठरविला होता, आणि तरीही ज्यांनी वर्गणी काढून, पेटीत चिठ्ठ्या टाकून, दुसऱ्याच्या नावावर पुस्तके आणून आपली वाचक मंडळे उभी केली. हे लोक म्हणजे अमेरिकेतील काळे लोक. त्यांच्याशी आपला संबंध आजचा नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केले होते. जुन्या मराठी पुस्तकांत या लोकांना ‘निग्रो’ म्हटलेले आढळेल. तो शब्द आता ते स्वतःसाठी वापरीत नाहीत. आपल्याला कोणत्या नावाने हाक मारावी हे ज्याचे त्याने ठरवावे, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. म्हणून येथे ‘काळे लोक’ असेच लिहिले आहे.

वर्गणीचे ग्रंथालय

ज्याला इंग्रजीत ‘बुक क्लब’ म्हणतात त्याची अमेरिकेतील एक जुनी कथा फिलाडेल्फिया शहरातील आहे. बेंजामिन फ्रँकलिन या छपाईचा धंदा करणाऱ्या तरुणाने 1727 साली आपल्यासारख्या कष्टकरी आणि व्यापारी मित्रांचे एक मंडळ काढले. दर शुक्रवारी संध्याकाळी जमावयाचे, प्रत्येकाने पाळीपाळीने प्रश्न मांडावयाचे आणि त्यांवर चर्चा करावयाची, असा नियम होता. चर्चेत पुस्तकांचा आधार लागे, पण चांगली पुस्तके इंग्लंडहून मागवावी लागत आणि ती महाग पडत. तेव्हा फ्रँकलिनने सुचविले, की प्रत्येकाने आपली पुस्तके एका खोलीत आणून ठेवावीत, म्हणजे प्रत्येकाला सगळ्यांची पुस्तके मिळतील.

हा प्रयोग वर्षभरच चालला. पुस्तकांची निगा राखणारे कोणी नव्हते, त्यामुळे ज्याने त्याने आपापली पुस्तके घरी परत नेली. आपल्याकडे विहारात सुरू झालेली किती वाचनालये अशीच बंद पडली, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

फ्रँकलिन तेथे थांबला नाही. 1731 साली त्याने पन्नास वर्गणीदार जमविले. प्रत्येकाने सुरुवातीला चाळीस शिलिंग आणि पुढे दरवर्षी दहा शिलिंग द्यावयाचे, त्यातून पुस्तके घ्यावयाची, असा लेखी करार केला. पहिल्या प्रयोगात पुस्तके एकेकाची होती. येथे ती मंडळाची झाली आणि हिशेब ठेवणारा माणूस नेमला गेला. ही संस्था आजही फिलाडेल्फियात उभी आहे. मात्र हाच फ्रँकलिन घरात गुलाम बाळगून होता, हेही विसरता कामा नये. पुढे म्हातारपणी, 1787 साली, तो गुलामगिरी नष्ट करू पाहणाऱ्या संस्थेचा अध्यक्ष झाला. तोवर त्याच्या शहरातील ग्रंथ गोऱ्यांच्या कपाटातच होते.

पन्नास सेंटांचे पुस्तक

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत याहून वाईट स्थिती होती. नॉर्थ कॅरोलायनाने 1830 साली, व्हर्जिनियाने 1831 साली आणि साउथ कॅरोलायनाने 1834 साली काळ्यांना लिहावाचावयास शिकविण्याविरुद्ध कायदे केले. शिकविणारा गोरा असेल तर दंड आणि तुरुंग, काळा असेल तर फटके. शूद्राने वेद मुद्दाम ऐकला तर त्याच्या कानात वितळलेले कथील व लाख ओतावी, असे सांगणारे गौतमधर्मसूत्र आपल्याला माहीत आहे. दोन देशांतील या दोन कायद्यांत हजारो मैलांचे आणि शेकडो वर्षांचे अंतर आहे, पण भीती एकच आहे. शिकलेला दास कामाला निरुपयोगी होतो, ही ती भीती.

फ्रेडरिक डग्लस या गुलाम मुलाने ही भीती मालकाच्या तोंडूनच ऐकली. 1818 च्या सुमारास मेरीलँड राज्यात जन्मलेला हा मुलगा लहान वयात बाल्टिमोर शहरात एका कुटुंबाकडे पाठविला गेला. घरच्या बाईने हौसेने त्याला मुळाक्षरे शिकवावयास घेतली. मालकाला कळताच त्याने बायकोला मुलासमोरच थांबविले आणि या मुलाला वाचता आले तर तो गुलाम म्हणून राहणार नाही, असे बजावले. त्या एका बोलण्याने डग्लसला वाट कळली. ज्या गोष्टीची मालकाला एवढी धास्ती वाटते तीच आपल्याला हवी, असे त्याने मनाशी धरले.

पुढे त्याने काय केले ते आपल्या मुलांना जरूर सांगावे. कामावर निघताना तो घरातील पावाचा तुकडा खिशात टाकी आणि रस्त्यावरच्या भुकेल्या गोऱ्या पोरांना तो देऊन त्यांच्याकडून शब्द शिकून घेई. जहाज बांधण्याच्या कारखान्यात सुतार लाकडांवर अक्षरांच्या खुणा करीत, त्या पाहून तो लिहावयास शिकला. बूट पॉलिश करून साठविलेल्या पन्नास सेंटांत, म्हणजे अर्ध्या डॉलरात, बारा-तेरा वर्षांच्या वयात त्याने आपले पहिले पुस्तक विकत घेतले. त्याचे नाव ‘द कोलंबियन ऑरेटर’. मुलांना वक्तृत्व शिकविण्यासाठी केलेले ते शाळेचे पुस्तक होते. त्यात गुलाम आणि मालक यांचा एक संवाद आहे. मालक जेवढी कारणे देतो तेवढी गुलाम खोडून काढतो आणि शेवटी मालक त्याला मुक्त करतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हे पुस्तक त्याला कोणी दान दिले नव्हते, की वाचून झाल्यावर परत करावयाचे नव्हते. एकच पुस्तक, पण स्वतःचे. त्यामुळे ते त्याला पुन्हा पुन्हा वाचता आले. उसने पुस्तक माणूस एकदा वाचतो. घरचे पुस्तक कंटाळा आला तरी समोर असते, आणि पाचव्या वाचनात जे कळते ते पहिल्या वाचनात कळत नाही. शिक्षक म्हणून एवढे मी खात्रीने सांगू शकतो.

पुढे शेतावर राबत असताना डग्लसने रविवारी गुपचूप शाळा चालविली. पहिल्यांदा गोऱ्यांनी काठ्या घेऊन ती मोडली. दुसऱ्या ठिकाणी त्याने पुन्हा सुरू केली, तेव्हा चाळीसहून अधिक गुलाम तेथे शिकावयास येऊ लागले. 1838 साली तो पळून न्यूयॉर्कला गेला आणि मुक्त झाला. 1845 साली त्याने आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले. उतारवयात वॉशिंग्टनमध्ये त्याने घर घेतले, त्यात ग्रंथांसाठी स्वतंत्र खोली होती. ते घर सरकारने स्मारक म्हणून जपले आहे आणि ती खोलीही पाहावयास मिळते.

फिलाडेल्फियाची पेटी

उत्तरेकडील राज्यांत मुक्त काळ्यांची वस्ती होती. तेथे वाचण्यास कायद्याची बंदी नव्हती, पण गोऱ्यांच्या मंडळांत त्यांना शिरकाव नव्हता. तेव्हा त्यांनी आपली मंडळे काढली. 1827 साली न्यूयॉर्कमध्ये ‘फ्रीडम्स जर्नल’ हे काळ्यांनी काळ्यांसाठी चालविलेले पहिले वृत्तपत्र निघाले. पुढच्याच वर्षी फिलाडेल्फियात काळ्या पुरुषांचे वाचक मंडळ स्थापन झाले. वर्गणीचा पैसा पुस्तकांवर खर्च करावयाचा आणि आठवड्याला पुस्तके बदलून घ्यावयाची, अशी त्याची पद्धत होती. 1833 साली त्याच शहरात ‘फिलाडेल्फिया लायब्ररी कंपनी ऑफ कलर्ड पर्सन्स’ निघाली. नाव मुद्दाम फ्रँकलिनच्या संस्थेसारखे ठेवले. पाच वर्षांत त्यांच्याकडे सहाशेच्या आसपास ग्रंथ जमले. 

मला मात्र सर्वांत महत्त्वाचे मंडळ वाटते ते 1831 साली त्याच शहरातील काळ्या स्त्रियांनी काढलेले. सुरुवातीला त्या वीसेक जणी होत्या. सेरा मॅप्स डग्लस या शिक्षिका त्यांत पुढे होत्या. (आडनाव एक असले तरी फ्रेडरिक डग्लसशी त्यांचे नाते नाही.) त्यांची पद्धत अशी. प्रत्येकीने काही वाचावयाचे, त्यावर किंवा आपल्या मनातले चार ओळी लिहावयाचे आणि नाव न घालता तो कागद एका पेटीत टाकावयाचा. बैठकीत पेटी उघडावयाची, एकेक कागद मोठ्याने वाचावयाचा आणि त्यावर सर्वांनी मोकळेपणी टीका करावयाची. कोणाचे लिखाण आहे हे ठाऊक नसल्यामुळे लिहिणारीला संकोच नाही आणि टीका करणारीला भीड नाही.

या युक्तीचे मोल आपल्या भगिनींना लगेच कळेल. सासू, नणंद, शेजारीण यांच्या देखत “मला हे समजले नाही” असे म्हणण्याची सोय आपल्याकडे कोणत्या सुनेला आहे? पेटीत टाकलेल्या कागदाला सासू नसते.

बोस्टनहून ‘लिबरेटर’ हे गुलामगिरीविरोधी साप्ताहिक काढणारे विल्यम लॉइड गॅरिसन 1832 साली या मंडळाच्या भेटीस आले. त्या स्त्रियांचे काही लिखाण ते घेऊन गेले आणि त्यांनी ते आपल्या पत्रात छापले. ‘लिबरेटर’चे सुरुवातीचे बहुसंख्य वर्गणीदार काळेच होते, हेही सांगितले पाहिजे. गोरा संपादक सर्वांना माहीत असतो. ज्यांच्या चार आण्यांवर पत्र जगले ते कोणाला माहीत नसतात.

न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड रगल्स या काळ्या तरुणाने 1834 साली पुस्तकांचे दुकान काढले. काळ्या माणसाचे अमेरिकेतील ते पहिले पुस्तकांचे दुकान मानले जाते. पुढच्या वर्षी जमावाने ते जाळले. रगल्सने काम सोडले नाही. पुढे त्याने काळ्यांसाठी वाचनालयही चालविले. 1838 साली पळून आलेला फ्रेडरिक डग्लस न्यूयॉर्कमध्ये आसऱ्याला थांबला तो याच रगल्सच्या घरी, आणि त्याचे लग्नही त्याच घरी लागले.

कार्ड

1865 साली गुलामगिरी संपली, परंतु दार उघडले नाही. गावोगावी सार्वजनिक ग्रंथालये निघाली. दक्षिणेत ती काळ्यांच्या करांतूनही चालत, पण काळ्यांना तेथे पुस्तक मिळत नसे. 1927 च्या सुमाराची गोष्ट. मेम्फिस शहरात रिचर्ड राइट नावाचा एकोणीस वर्षांचा काळा तरुण चष्म्याच्या काचांच्या कंपनीत हरकाम्या होता. शाळा नववीपर्यंतच झालेली. त्याने एका गोऱ्या सहकाऱ्याचे ग्रंथालयाचे कार्ड मागून घेतले आणि त्या गोऱ्याच्या वतीने स्वतःच चिठ्ठी लिहिली: ‘या पोऱ्याजवळ अमुक पुस्तके द्यावीत’ अशा अर्थाची. खरी वाटावी म्हणून चिठ्ठीत त्याने स्वतःचा उल्लेख काळ्यांना दिल्या जाणाऱ्या शिवीने केला. ग्रंथपाल बाईने संशयाने विचारले तेव्हा, आपल्याला वाचता येत नाही, असे सांगून तो सुटला. पुस्तके वर्तमानपत्रात गुंडाळून तो घरी नेई. पुस्तक वाचण्यासाठी आपण निरक्षर आहोत असे सांगावे लागणे, याहून मोठी विटंबना कोणती?

त्याच 1927 साली, 20 मार्चला, महाडच्या चवदार तळ्यावर आपले लोक ओंजळभर पाण्यासाठी गेले होते. तळे सार्वजनिक होते आणि नगरपालिकेने ते खुले केल्याचा ठरावही होता. ग्रंथालयाची गोष्ट याहून वेगळी नाही, आणि अमेरिकेत त्यासाठीही सत्याग्रह झाला. 21 ऑगस्ट 1939 रोजी व्हर्जिनियातील अलेक्झांड्रिया शहरात पाच काळे तरुण नीटनेटके कपडे घालून एकामागून एक सार्वजनिक ग्रंथालयात शिरले. प्रत्येकाने सभासद होण्याचा अर्ज मागितला. नकार मिळताच प्रत्येकाने फळीवरचे एक पुस्तक घेतले आणि वेगवेगळ्या टेबलांवर बसून ते निमूटपणे वाचू लागले. पोलीस आले आणि त्यांना घेऊन गेले. आरोप काय, तर शांततेचा भंग!

या सत्याग्रहाची आखणी सॅम्युएल टकर या तरुण काळ्या वकिलाने केली होती. नगराने यावर तोडगा काढला तो असा, की काळ्यांसाठी एक लहान वेगळे ग्रंथालय 1940 साली बांधून दिले आणि तेथे जुनी पुस्तके ठेवली. टकर यांना त्याचे कार्ड देऊ केले, तेव्हा त्यांनी लेखी नकार कळविला. मूळ ग्रंथालयाचे कार्ड हवे, वेगळ्या पाणवठ्याचे नको, हाच त्यांचा आग्रह होता.

निवड कोणी करावयाची?

आता धंदेवाईक बुक क्लबांकडे वळू, कारण विसाव्या शतकात सामान्य अमेरिकन कुटुंबाच्या घरात पुस्तके शिरली ती बऱ्याच अंशी यांच्यामुळे. हॅरी शेर्मन हा जाहिरातींचा जाणकार. याआधी त्याने चामड्याच्या बांधणीतील चिमुकली पुस्तके विकली होती. चॉकलेटच्या डब्यातसुद्धा एकेक घालून दिली होती. 1926 साली त्याने ‘बुक ऑफ द मंथ क्लब’ काढला. दरमहा नामवंत लेखक-संपादकांची समिती एक नवे पुस्तक निवडी आणि ते टपालाने सभासदाच्या घरी जाई. नको असेल तर सभासदाने तसे कळवावयाचे. न कळविल्यास पुस्तक येणारच. माणसाच्या आळसावर उभारलेली ही युक्ती होती, आणि ती भलतीच यशस्वी झाली. पहिल्या पुस्तकाला 4,750 सभासद होते, वर्षअखेरीस ते चाळीस हजारांच्या वर गेले. ज्या खेड्यांत पुस्तकांचे दुकानच नव्हते तेथे टपालवाला पुस्तक घेऊन येऊ लागला, ही त्याची चांगली बाजू.

दुसरी बाजू रिचर्ड राइटने पाहिली. उसन्या कार्डावर वाचणारा तो तरुण पुढे शिकागोला गेला, तेथून न्यूयॉर्कला, आणि मोठा लेखक झाला. 1940 साली त्याची ‘नेटिव्ह सन’ ही कादंबरी या क्लबने मासिक पुस्तक म्हणून निवडली. काळ्या लेखकाला हा मान प्रथमच मिळत होता. तीन आठवड्यांत दोन लाखांवर प्रती खपल्या. पण त्याआधी क्लबने काही प्रसंग बदलावयास लावले होते, आणि काळ्या तरुणाविषयी गोऱ्या मुलीच्या मनातील ओढ पुसट करून घेतली होती.

1945 साली त्याचे आत्मचरित्र ‘ब्लॅक बॉय’ आले तेव्हा तर अर्धे पुस्तकच गेले. पहिल्या भागात दक्षिणेतील जुलूम होता, दुसऱ्यात उत्तरेत गेल्यावर तेथेही आलेला अनुभव. क्लबला पहिला भाग हवा होता, दुसरा नको होता. दक्षिणेला नावे ठेवलेली उत्तरेच्या वाचकाला चालत होती, स्वतःला ठेवलेली चालत नव्हती. राइटने ते मान्य केले. गाळलेला भाग ‘अमेरिकन हंगर’ या नावाने 1977 साली निघाला, त्याच्या मृत्यूनंतर सतरा वर्षांनी. दोन्ही भाग मूळ रूपात एकत्र छापले गेले ते 1991 साली. म्हणजे मधली सेहेचाळीस वर्षे लाखो घरांच्या कपाटांत हे पुस्तक होते, पण अर्धेच होते, आणि ते अर्धे आहे हे त्या घरांना ठाऊक नव्हते.

राइटला मी दोष देणार नाही. त्या काळी एवढ्या घरांत शिरण्याची दुसरी वाट त्याला नव्हती. पण पुस्तक निवडणारा परका असला की तो केवळ पुस्तक निवडीत नाही, आपल्या आत्मकथेतील पानेही निवडतो, हे आपल्या तरुण लेखकांनी आणि वाचकांनीही पक्के समजून असावे. पुढे 1996 साली ऑप्रा विन्फ्री या काळ्या बाईने दूरदर्शनवरील आपल्या कार्यक्रमातून वाचक मंडळ सुरू केले. तिने दुसऱ्याच वेळी टोनी मॉरिसन या काळ्या लेखिकेची कादंबरी निवडली आणि पुढे तिच्या आणखी तीन निवडल्या. मॉरिसनला नोबेल पारितोषिक 1993 सालीच मिळाले होते. तरी निवडणारी बदलल्यावर ही पुस्तके ज्या घरांत गेली, तेथे ती आधी पोहोचली नव्हती.

ज्या 1926 साली शेर्मनचा क्लब निघाला, त्याच साली न्यूयॉर्कमध्ये पुस्तकांचा आणखी एक व्यवहार झाला. आर्तुरो शोंबर्ग हा पोर्टो रिकोत 1874 साली जन्मलेला काळा माणूस. लहानपणी एका शिक्षकाने त्याला सांगितले होते म्हणे, की काळ्यांना इतिहासच नाही. त्याने आयुष्यभर त्याला उत्तर शोधले. न्यूयॉर्कच्या एका बँकेत टपाल विभागात नोकरी करीत पगारातून तो काळ्यांनी लिहिलेली आणि काळ्यांविषयीची पुस्तके, हस्तलिखिते, चित्रे विकत घेत राहिला. त्याचे ब्रुकलिनमधील घर पुस्तकांनी भरून गेले. 1926 साली कार्नेगी कॉर्पोरेशनने दिलेल्या दहा हजार डॉलरांत न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने हा संग्रह घेतला आणि हार्लेम वस्तीतील शाखेत ठेवला. त्याच्या नावाची संस्था आज तेथे आहे. एका कारकुनाच्या घरची पुस्तके एका समाजाचा पुरावा झाली.

हार्लेमला लागूनच कोलंबिया विद्यापीठ आहे. बाबासाहेब तेथे 1913 ते 1916 शिकले. पोटाला चिमटा घेऊन त्यांनी जुन्या बाजारातून सुमारे दोन हजार पुस्तके जमविली होती. 1917 साली ते लंडनहून परत निघाले तेव्हा सामानाचे जहाज महायुद्धात बुडाले आणि बरीच पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. दादरच्या हिंदू कॉलनीतील ‘राजगृह’ हे घर त्यांनी बांधले ते ग्रंथांना जागा मिळावी म्हणून. 1946 साली अमेरिकेतील काळ्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज केल्याचे त्यांनी वाचले, तेव्हा डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस या काळ्या विद्वानाला पत्र लिहून त्या अर्जाच्या दोन-तीन प्रती मागविल्या. त्यांना वाचावयाचे असे, ते ते मागवून घेत.

आपल्या घरी काय करता येईल

आपण दरवर्षी दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर जातो. तेथे पुस्तकांच्या दुकानांसमोर जी गर्दी असते ती इतर यात्रांत दिसत नाही. 1979 पासून महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे यांचे खंड काढले, तेही लोक उन्हात रांगा लावून घेतात. म्हणजे पुस्तक घरात येते, हा प्रश्न सुटत आला आहे. आता ते वस्त्रातून बाहेर काढावयाचे आहे.

पाच-सहा कुटुंबांनी मिळून मंडळ करावे, अधिक नको. वर्गणी ज्याला झेपेल तेवढी, पण लेखी. फ्रँकलिनची पहिली खोली का मोडली ते आठवा. पुस्तके मंडळाची असावीत आणि वही सांभाळणारी एक व्यक्ती असावी. शक्य तो ती घरातील शाळकरी मुलगी असावी, कारण ती हिशेबात कोणाची भीड धरीत नाही. मात्र ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मंडळाचा नको. तो प्रत्येक घराचा स्वतंत्र असावा, त्यात पेन्सिलीने खुणा कराव्यात, न कळलेल्या शब्दाखाली रेघ मारावी. मुलाच्या हातून एखादे पान फाटले तर खळ लावून चिकटवावे.

पंधरा दिवसांतून एकदा बसावे. ज्याला वाचता येते त्याने मोठ्याने वाचावे. आजीने, मावशीने ऐकावे आणि प्रश्न विचारावा. ज्यांना वाचता येत नाही त्या सभासद नाहीत असे समजू नये. पुढचे पुस्तक कोणते, हे पाळीपाळीने एकेका घराने ठरवावे आणि त्या पाळीतून आजीलाही वगळू नये. तिला बाळंतपणाचे, औषधी झाडपाल्याचे पुस्तक हवे असेल तर तेच आणावे. धम्माचा ग्रंथ त्यामुळे रुसणार नाही. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांची पेटी आपल्यालाही ठेवता येईल. बिस्किटाचा रिकामा डबा पुरे, झाकणाला एक फट पाडावी. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी नातवाकडून लिहवून घ्यावे, पण नातवाला नाव फोडू नकोस म्हणून आधी सांगून ठेवावे.

वहीच्या पहिल्या पानावर चार रकाने आखावेत: पुस्तकाचे नाव, कोणी सुचविले, सध्या कोणाच्या घरी, आणि परत कोणत्या तारखेला. पेन्सिल वहीलाच दोऱ्याने बांधून ठेवावी, नाहीतर ती दुसऱ्या बैठकीला सापडत नाही.